आधी शब्द, मग घास

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी सकाळी तनुजाने शब्दाची वाट न बघता घावन मोडलं, चटणीत बुडवलं आणि सरळ तोंडात टाकलं.

समोर शैलेश बांदेकर बसला होता. त्याचा शब्द तयार होता. 'नारळ ओला आहे, पण आज मिरची जरा पुढे आलीय,' असं तो म्हणणारच होता, तोवर बायकोचा घास गिळूनही झाला. उघडलेलं तोंड त्याने चहाचा घोट घेऊन कसंबसं झाकलं.

आता तुम्ही म्हणाल, बाई न्याहारी करतेय, करू दे की, त्यात एवढं काय. पण बांदेकरांच्या घरात नऊ वर्षं एक रीत चालत आली होती. आधी शब्द, मग घास. शैलेशने पहिला घास घ्यायचा, चव सांगायची, आणि मग तनुजाने जेवायला सुरुवात करायची. पाहुणेमंडळी गालातल्या गालात हसायची. हसू देत. त्या दोघांना त्याचं काही वाटत नव्हतं.

नऊ वर्षांपूर्वी एका साथीच्या तापात तनुजाचं नाक गेलं. म्हणजे नाक जागेवर होतं, आणि शैलेशच्या मते चांगलं चाफेकळी होतं, पण वास गेला तो गेलाच. जीभ शाबूत राहिली. मात्र जीभ बिचारी फार थोडं सांगते. हे आंबट आहे एवढं ती सांगेल. ते आंबट कैरीचं, कोकमाचं की कालच्या ताकाचं, हे सांगायला नाक लागतं. घास चावला की त्यातला गंध घशामागच्या वाटेने वर नाकात चढतो, आणि आपण ज्याला चव चव म्हणतो, तिचा बराचसा भाग तिथेच ठरतो. ती वाट बंद झाली की आमरस आणि साखरपाणी यांत फरक उरतो तो फक्त दाटपणाचा.

आणि हे व्हावं कुणाला, तर चॉकलेट करणाऱ्या बाईला. कुडाळपासून आत, पोफळवाडीला, बांदेकरांच्या पोफळीच्या सावलीत कोकोची चारशे झाडं होती. तनुजा त्या एकाच बागेच्या बियांचं काळं चॉकलेट करायची. बाहेरची बी मिसळायची नाही, दूध नाही, सुगंध नाही. बहात्तर टक्के कोको, बाकी साखर. अशा चॉकलेटला लपायला जागा नसते. माती, पाऊस, केळीच्या पानांखाली आंबवलेले सहा दिवस, वाळवण, भाजणी, सगळं जसंच्या तसं तोंडात येतं. ज्याला कळतं त्याला एका तुकड्यात बागेचा कारभार कळतो.

ज्याला कळतं असा माणूस तिच्या घरातच होता. शैलेश वीस वर्षं एका साप्ताहिकात 'टाळू' नावाचं सदर लिहीत होता, फक्त काळ्या चॉकलेटवर. इतर परीक्षक लाल बेरी आणि कसल्या कसल्या परदेशी फुलांची नावं घ्यायचे, तेव्हा याने करवंद, रातांबा, भिजत घातलेले मनुके, जायफळाची जुनी डबी, पहिल्या वाफेचा भात असे शब्द आणले. लोक चॉकलेट न खाता नुसतं सदर वाचायचे. तनुजाचं नाक गेल्यावर हेच शब्द तिचं नाक झाले. त्याने 'कुळथाच्या पिठीला लसूण आज जरा जास्तच चढलाय' म्हटलं की तिच्या डोळ्यांत आठवणीतला लसूण चमकायचा. शैलेशला ते बघायला फार आवडायचं. खरं सांगायचं तर आपल्यावाचून या बाईचा घास अडतो, हेही त्याला आवडायचं.

तर त्या बुधवारी घास अडला नाही. शैलेशने नीट बघितलं, तेव्हा तिच्या नाकाच्या दांडीवर, दोन भुवयांच्या मध्ये, टिकलीएवढी एक राखाडी चकती दिसली.

"कुणाचं लावलंयस?" त्याने विचारलं.

"मल्हारचं," ती म्हणाली. इतक्या सहज, की जणू पाऊस आला म्हणून मल्हारची छत्री घेऊन आली होती.

शैलेशच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, त्या चटणीतल्या नव्हत्या.

ही चकती म्हणजे काय, ते सांगायला हवं. गेल्या दिवाळीपासून बाजारात टाळूपट्टी आली होती. नखाएवढा पातळ पापुद्रा वर टाळूला चिकटवायचा आणि चकती कपाळाखाली लावायची. चाखणारा माणूस खातो, तेव्हा पापुद्रा त्याच्या तोंडातली लाळ, ऊब आणि चावण्याचा ठेका टिपतो. चकतीचं काम जास्त नाजूक. नाकाच्या मुळाशी मेंदूचा एक छोटा भाग असतो, त्याला गंधकंद म्हणतात. प्रत्येक गंधाने त्यात विजेच्या अगदी बारीक लहरींची एक वेगळी नक्षी उमटते. चकती ती नक्षी टिपते आणि साठवते. याला म्हणायचं चवठसा. मग दुसऱ्या माणसाने आपली चकती लावून तोच ठसा सुरू केला, की त्याच्या गंधकंदात तीच नक्षी उमटवली जाते, आणि पहिल्याला जे लागलं ते दुसऱ्याला लागतं. तनुजाच्या नाकातले गंधाचे तंतू तापाने जळले होते, पण कंद धडधाकट होता. बटणाची तार तुटलेली आणि दिवा शाबूत, तसं. नऊ वर्षांनी तो दिवा लागला होता, फक्त बटण दुसऱ्याच्या हातात होतं.

एक गोष्ट मात्र यंत्र बनवणाऱ्यांना साधली नव्हती. हा गंधकंद मेंदूतल्या रागालोभाच्या जागेला अगदी खेटून असतो. त्यामुळे चाखणाऱ्याच्या मनात त्या वेळी जे असेल, त्याची थोडी झाक ठशात उतरायचीच. म्हणून पुस्तिकेत ठळक अक्षरांत लिहिलेलं असे, की ठसा घेण्याआधी वीस मिनिटं शांत बसून मन निवळू द्यावं.

मल्हार शिरोडकर हा शैलेशचाच शिष्य. बारा वर्षांपूर्वी याच स्वयंपाकघरात बसून तो रातांबा आणि चिंच यांच्या आंबटपणातला फरक शिकला. आता अडतिशीत पुण्याला चव-परीक्षकांच्या मंडळाचा मुख्य होता. उंच होता, दात चांगले होते, आणि शैलेशला तो पूर्वी फार आवडायचा. 'घरचं जेवण' म्हणून दोनशे पदार्थांचे ठसे त्या मंडळाने बाजारात आणले होते. पाच परीक्षकांची तोंडं होती, त्यांतलं तनुजाने मल्हारचं निवडलं.

आता यात तिची काही चूक होती का? मुळीच नाही. दिवाळीत तिने आधी नवऱ्यालाच विचारलं होतं. पुण्याहून दोन पट्ट्या आल्या होत्या, एक टिपणारी, एक लावणारी. ती म्हणाली होती, "शैलेश, तुझं तोंड दे मला." यापेक्षा गोड बोलणं त्याने तीस वर्षांच्या संसारात ऐकलं नव्हतं. आणि हा पठ्ठ्या काय म्हणाला असेल? त्याने भाषण दिलं. शब्दांवाचून चव म्हणजे नुसती खाज, ज्याला नाव नाही ते खाल्ल्यासारखंच नाही, यंत्राने जीभ भाड्याने देणारा मी नव्हे, वगैरे वगैरे. तनुजाने ऐकून घेतलं आणि टिपणारी पट्टी कपाटात ठेवून दिली.

भाषण खोटं होतं. खरं कारण एका शब्दात होतं, आणि तो शब्द खमंग.

ताप गेल्यानंतर तीन महिने तनुजा खोलीतून फारशी बाहेर आली नव्हती. जेवायची तेवढी. मग ऐन श्रावणात एकदा उठली, पदर खोचला, आंबवणाच्या पेटीतल्या बिया उपसल्या, भट्टीच्या खोलीत वाळवल्या, भाजल्या, दळल्या आणि एक वडी करून नवऱ्यापुढे ठेवली. कोकणात पावसाळ्यात ऊन कुठलं मिळायला, बिया भट्टीच्या उबेवर वाळवाव्या लागतात. लाकडांचा धूर धुराड्यातून बाहेर जायला हवा. शैलेशने तुकडा टाळूला लावला आणि त्याला कळलं, की कुठेतरी धूर आत शिरतोय. वडीला करपट वास होता. करपलेल्या दुधाचा आणि विझवलेल्या लाकडाचा. रातांबा नाही, मनुके नाहीत, काही नाही. तनुजा त्याच्या ओठांकडे बघत होती. बघणं कसलं, जीव टांगणीला लागला होता तिचा. त्याने दोनदा श्वास सोडला आणि म्हणाला, "खमंग."

ती रडली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बागेत गेली.

त्या एका शब्दाने बायको उभी राहिली, याबद्दल कुणी त्याला दोष देणार नाही. पण पुढच्या पावसाळ्यात वडी पुन्हा समोर आली, पुन्हा तोच धूर, आणि आता करपट म्हणायचं तर गेल्या वर्षीचं काय? मग पुन्हा खमंग. असं नऊ वर्षं. तनुजाने तीनदा स्पर्धेत चॉकलेट पाठवलं, तिन्ही वेळा ते पहिल्याच फेरीत बाद झालं, आणि तिन्ही वेळा शैलेशने परीक्षकांना काही कळत नाही असं तिला सांगितलं. जिच्यासाठी तो सगळ्या जगाच्या चवी शब्दांत धरून आणायचा, तिच्या स्वतःच्या हातची चव त्याने तिच्यापासून लपवून ठेवली होती. पट्टीला शब्द कळत नाहीत, खोटंही कळत नाही. म्हणून त्याला ती नको होती.

घावनाच्या त्या सकाळनंतर शैलेशचं जेवण अंगाला लागेना. दोघं समोरासमोर बसायची, आणि त्याला वाटायचं की पाटावर तिसरा माणूस बसलाय. तनुजा खाताना बोलायची, हे आणखी वाईट. मल्हारला हिंग फारसा आवडत नाही वाटतं, ती म्हणायची, हिंग आला की जरा आखडतो. मल्हार सोलकढी पिताना शेवटचा घोट तोंडात धरून ठेवतो. नवऱ्यासमोर बसून दुसऱ्या पुरुषाच्या जिभेच्या खोडी सांगायच्या, आणि त्याही हसत हसत. शैलेश 'हं' म्हणायचा आणि आमटी ढवळत राहायचा.

एकदा तिने कारल्याची भाजी केली. या घरात नऊ वर्षं कारलं शिजलं नव्हतं, कारण शैलेशला ते आवडत नाही, आणि शब्द त्याचा. 'कडूजार आहे, सोड,' एवढंच तो म्हणायचा. आता ती मजेत दुसऱ्यांदा भाजी वाढून घेत होती.

"त्याला आवडतं," ती म्हणाली. "मला वाटायचं, मला आवडत नाही."

ती सहज बोलली असेल, पण शैलेशच्या पोटात जे दुखायला लागलं ते संध्याकाळपर्यंत थांबलं नाही. कारल्याचासुद्धा मत्सर करता येतो, हे त्याला सत्तावन्नाव्या वर्षी कळलं. त्या आठवड्यात त्याने सदरात टाळूपट्टीवर असा काही जळफळाट ओतला, की संपादकाने फोन करून तब्येत विचारली.

एप्रिलमध्ये भट्टीच्या खोलीवर गवंडी आला. चार दिवस ठोकाठोक चालली होती. शैलेशने कशासाठी म्हणून विचारलं नाही. तेव्हा त्याने अबोला धरला होता, आणि अबोला धरलेल्या माणसाला गवंड्याची चौकशी करता येत नाही. जुलैत बिया वाळल्या, ऑगस्टमध्ये वड्या झाल्या. दरवर्षी पहिली वडी त्याच्यापुढे यायची. यंदा आली नाही. कागदात गुंडाळलेल्या वड्या फडताळात रांगेने उभ्या राहिल्या आणि त्यातली एक पुण्याला गेली. तो रोज फडताळापाशी जायचा आणि हात मागे घ्यायचा. आपण मागायची नाही, तिने द्यायची, असं त्याने ठरवलं होतं. सतरा वर्षांचा मुलगा ठरवतो तसं.

सप्टेंबरातल्या एका दुपारी, दीडच्या सुमाराला, पुण्याहून डबी आली. काड्यापेटीएवढी, आत ठशाची चिप. वर छापलं होतं: पोफळवाडी ७२, पावसाळी खेप. चाखणार: मल्हार शिरोडकर.

तनुजा बागेत होती. शैलेशच्या तोंडचं पाणी पळालं. नऊ वर्षांचं खमंग त्या डबीत फुटून पडणार होतं. ती संध्याकाळी चकती लावणार, वडी तोंडात ठेवणार, आणि तिच्या डोक्यात धूर भरणार. आणि तो धूर तिला नवरा नाही, मल्हार दाखवणार. यातलं जास्त काय खुपत होतं, पकडलं जाणं की मल्हारकडून पकडलं जाणं, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

शहाण्या माणसाने आधी तो ठसा लावून बघितला असता. तनुजाची पट्टी समोरच होती. पण मल्हारची जीभ आपल्या तोंडात? छे. त्याने कपाटातून दिवाळीपासून पडलेली टिपणारी पट्टी काढली, टाळूला चिकटवली, चकती लावली. मग स्वतःच्या खास डब्यातून केरळातल्या इडुक्कीच्या एका बागेचं चॉकलेट काढलं. त्या वर्षी त्याने चाखलेलं सगळ्यात सुंदर. वीस मिनिटं शांत बसायला वेळ नव्हता आणि मनही नव्हतं. एक कान बागेच्या फाटकाकडे ठेवून त्याने तुकडा टाळूला लावला. करवंद, मग मध, मग कोवळ्या वेलचीसारखं काहीतरी. पहिला ठसा त्याने पुसला, दुसराही पुसला, तिसरा ठेवला. पट्टीतली ती चिप मल्हारच्या डबीत घातली. मल्हारची चिप न्हाणीतल्या पाणी तापवायच्या चुलीत टाकली. ती फुसफुसली आणि जळक्या प्लास्टिकचा वास घरभर पसरला. शैलेश खिडक्या उघडायला धावला आणि मध्येच थांबला. तिला कुठे वास येणार होता.

चार वाजता तनुजा आली, हातपाय धुतले, डबी बघितली आणि ती घेऊन पडवीत बसली. फडताळातली एक वडी उलगडली. पट्टी, चकती, चिप. तुकडा तोंडात ठेवला आणि डोळे मिटले. शैलेश दाराआड उभा राहून बघत होता. भीती होतीच, पण तिच्याही वर एक चोरटा आनंद होता: सात महिन्यांनी बायकोच्या तोंडात आपण आहोत.

तिने ठसा संपू दिला. पुन्हा पहिल्यापासून लावला. मग चकती काढून मांडीवर ठेवली.

"शैलेश, हा तू आहेस," ती म्हणाली.

तो पुढे आला. डबीवर मल्हारचं नाव आहे, असं काहीतरी पुटपुटला.

"मल्हार चॉकलेट आधी दोनदा चावतो. तू चावत नाहीस, टाळूला लावतोस. आणि मग नाकाने दोनदा श्वास सोडतोस. नऊ वर्षं तुझ्या तोंडाकडे बघत जेवलेय मी."

तनुजाने उरलेली वडी परत कागदात गुंडाळली.

"आणि हे आपलं चॉकलेट नाही, फडताळातली एकही वडी तू उघडलेली नाहीस. आपलं करपट होतं," ती म्हणाली.

होतं, असं ती म्हणाली. शैलेश खाली पायरीवर बसला.

मग तिने सगळं सांगितलं, आवाज न चढवता. फेब्रुवारीतच तिने मागच्या वर्षीची वडी मल्हारला पाठवली होती आणि त्याचा ठसा मागवला होता. पहिल्यांदा लावला तेव्हा तिला वाटलं, मल्हारचंच तोंड बिघडलंय. कारण तिच्या डोक्यात खमंग पक्कं बसलेलं. मग तिने मंडळातल्या आणखी तिघांचे ठसे मागवले. चौघांच्याही तोंडात तोच धूर. तरी तिने एक दिवस नवऱ्यावर विश्वास ठेवून बघितला, की चौघंही चुकत असतील. दुसऱ्या दिवशी भट्टीच्या खोलीत दिवा घेऊन गेली आणि धुराड्याला मागच्या बाजूने बोटभर चीर सापडली. गवंडी आला तो त्यासाठी. नवं धुराडं, नवी खेप, आणि त्या खेपेचा ठसा आज यायचा होता. पहिल्यांदाच तिला कळणार होतं, की आपल्या हातची चव कशी आहे.

"मल्हारची चिप कुठे आहे?" तिने विचारलं.

"चुलीत."

बोलता बोलताच त्याला उमगलं. म्हणजे जो ठसा त्याने भीतीने जाळला, त्यात धूर नव्हताच. त्यात तिचं कौतुक होतं. मत्सराच्या भरात त्याने ते बघितलंसुद्धा नाही.

मग तोही बोलला. त्या श्रावणातलं, तीन महिन्यांच्या बंद खोलीचं, ओठांकडे लागलेल्या तिच्या नजरेचं. तुला पुन्हा आत जाऊ द्यायचं नव्हतं, असं म्हणाला, आणि ते खरंच होतं.

"पहिल्या वर्षीचं कळतं मला," तनुजा म्हणाली. "तेव्हा तू करपट म्हणाला असतास तर मी मेले असते. पण उरलेली आठ वर्षं कुणासाठी होती?"

पोफळीवरून एक झावळी सुटून धप्पकन पडली. दोघांनीही तिकडे बघितलं. शैलेशला ठाऊक होतं, की या प्रश्नाचं उत्तर त्याच्याजवळ आहे आणि ते चांगलं नाही. ती आठ वर्षं त्याच्यासाठी होती. आपल्यावाचून तिचा घास अडावा म्हणून. धुराडं सुधारलं असतं, स्पर्धा जिंकली असती, लोकांनी तिला सांगितलं असतं, तर त्याचा शब्द शंभरांतला एक झाला असता. हे त्याने जसंच्या तसं तिला सांगितलं. अडखळत, पण सांगितलं. शिष्य पुढे गेला म्हणून जळलो, तू त्याच्या तोंडाने हसायला लागलीस म्हणून जास्त जळलो, कारल्यावरसुद्धा जळलो, हेही सांगितलं. वीस वर्षांत त्याने लिहिलेल्या कुठल्याही परीक्षणापेक्षा ते आखूड होतं.

तनुजा उठून आत गेली. ती आता दार लावून घेणार, असं त्याला वाटलं. पण ती नव्या खेपेची अख्खी वडी घेऊन आली आणि दुसऱ्या हातात दोन्ही पट्ट्या होत्या. पट्ट्यांना थेट जोडणी असते. एकाने खायचं आणि त्याच क्षणी दुसऱ्याला लागायचं. तिने टिपणारी त्याच्यापुढे धरली.

चकती लावताना तो म्हणाला, की जरा थांबू, वीस मिनिटं शांत बसतो, नाहीतर माझ्या मनातलं सगळं उतरेल.

"उतरू दे," ती म्हणाली. "आणि शब्द नको. शब्द पुष्कळ झाले."

तिने तुकडा मोडला. टक् असा स्वच्छ आवाज आला. शैलेशने तो टाळूला लावला.

धूर नव्हता. आधी रातांबा आला, पिकून फुटायला आलेला. मग ओल्या सुपारीच्या सालीचा तुरटपणा, मग काकवी, आणि शेवटी, सगळं विरघळून गेल्यावर, पाऊस थांबल्यावर बागेत येतो तो थंड, हिरवा वास. त्याने दोनदा श्वास सोडला. चॉकलेट सुंदर होतं. इडुक्कीपेक्षाही सुंदर होतं, आणि ते नऊ वर्षं त्याच धुराड्यामागे अडकून पडलं होतं. ते सोडवलं कुणी, तर मल्हारच्या जिभेने. हा विचार आलाच. त्याने तो अडवायचा प्रयत्न केला आणि मग सोडून दिला. आनंद, लाज, बायकोचा अभिमान आणि त्या सगळ्याखाली अजूनही धुमसणारा तो जुनाट जळफळाट, सगळं एकाच घासात गेलं. त्याचे डोळे भरून आले.

समोर तनुजाचे डोळे मिटलेले होते. तिनेही त्याच्याबरोबर दोनदा श्वास सोडला. चव संपेपर्यंत ती हलली नाही. मग तिने चकती काढली, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदाच, त्याने तोंड उघडायच्या आत, चव तिने सांगितली.

"चॉकलेट छान झालंय, शैलेश," ती म्हणाली. "करपलायस तू."